तळ्याला दोन उतरले

१

अकराव्या दिवशी नर्सबाई सापडल्या, आणि सापडल्या त्या जिथे कोणी शोधलंच नव्हतं तिथे.

रुळांवर गस्त घालणाऱ्या माणसाला बंद पडलेल्या खाणीच्या तळाशी निळा स्वेटर दिसला. तो खाली उतरला नाही. धावत स्टेशनात गेला आणि बाकावर बसून राहिला.

दुपारपर्यंत खाणीच्या काठावर दोनच माणसं उरली होती. एक इन्स्पेक्टर साहेब. दुसरी जिल्ह्याच्या रस्ते-रेल्वे कचेरीत नकाशे काढणारी बाई, जिला सगळा जिल्हा नकाशेवाली म्हणूनच ओळखायचा. शोधाचा नकाशा तिनेच काढला होता. मधोमध तळ्याचा थांबा आणि त्याभोवती एकात एक वर्तुळं. दहा दिवस दीडशे माणसं त्या वर्तुळांमधून फिरली होती. खाण एकाही वर्तुळात नव्हती.

"पाय मोडलाय," साहेब म्हणाले. "दोन फांद्या लावून पट्टी बांधलीय. झकास बांधलीय अगदी."

"त्यांनी स्वतःच बांधली असेल. नर्स होत्या."

"हो. आणि एकदा बदललीही. पहिली पट्टी घडी करून दगडाखाली ठेवलेली. रक्त वाळलेलं."

पट्टी बदलली म्हणजे बदलायची वेळ येईपर्यंत बाई जिवंत होत्या. नकाशेवालीचं दहा महिन्यांचं बाळ याच बाईंच्या हातांत जन्मलं होतं. पहिल्या आठवड्यात दूध येईना, तेव्हा रोज गाडीतून उतरून, वाट वाकडी करून, तिच्या घरी यायच्या. "रडू नकोस गं, बाळाला वाटेल आपलंच काही चुकलं," म्हणायच्या.

"आता सरळ हिशेब बघा," साहेब बोटांवर मोजत म्हणाले. "गार्डच्या तक्त्यात लिहिलंय, त्या संध्याकाळी तळ्याला दोन उतरले. एक नर्सबाई. दुसरा कोण, माहीत नाही. तळ्यापासून ही खाण रुळांनी किती?"

"पाच किलोमीटर. मध्ये डोंगर फोडून काढलेली खिंड आहे."

"खिंडीच्या तोंडाशी फाटक. फाटकवाली म्हणते, रुळांवरून कोणी चालत गेलं नाही. मग उरला रस्ता. तो किती?"

"चौदा. डोंगराला पूर्ण वळसा आहे."

"मोडक्या पायाने चौदा किलोमीटर कोणी चालत नाही. म्हणजे गाडीतून आणून वरून ढकललं. आणि तळ्याच्या वस्तीत चारचाकी एकच आहे. दुधाची गाडी."

दुधाची गाडी नर्सबाईंचा नवरा चालवायचा.

"उद्या सकाळी त्याला आत घेतो," साहेब म्हणाले.

२

दूधगाडीवाल्याचं घर तळ्याच्या थांब्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, वस्तीच्या टोकाला. दोन खोल्या, पुढे पायरी, आणि आत दोरीवर तिघांचे कपडे अजून वाळत घातलेले. अकरा दिवस कोणी काढले नव्हते.

तो पलंगाच्या कडेला बसला होता. त्याची सहा वर्षांची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, कोपऱ्यात पाटीवर काहीतरी गिरवत होती.

"ताई, मला ठाऊक आहे सगळे काय बोलतात," तो म्हणाला. "सकाळी भांडलो होतो आम्ही. खोटं कशाला बोलू? तिला शहरात बदली मिळत होती, मी म्हणालो घे. ती म्हणाली, या पट्ट्यातल्या बाळंतिणींकडे कोण बघेल, तुझी गाडी? मी म्हणालो, तुला परक्यांची पोरं आपल्या पोरीपेक्षा जास्त. हे शेवटचं बोललो बघा तिच्याशी."

"संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"डेअरीवर. आठला घरी आलो. चिमणी शेजारणीकडे होती, दोघींनी वाट पाहून खिचडी..." तो थांबला. "आठच्या आधी मला कोणी पाहिलेलं नाही. रस्त्यात कोण असतं?"

"तुम्हाला नेलं तर चिमणी कुणाकडे?"

त्याला भाऊ नव्हता, बाईंच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं, आणि शेजारीण पंच्याहत्तरीची. नकाशेवालीने प्रश्न विचारला तेव्हाच तिला उत्तर माहीत होतं.

पाटीवरून मान न उचलता चिमणी म्हणाली, "आईने माझी वाटी नेली."

"कुठली वाटी?"

"माझी लहानपणची. आणि छोटा चमचा. मी म्हटलं, माझी आहे. आई म्हणाली, तू आता मोठी झालीस, एका बाळाला उसनी देऊ या. मी नाही म्हटलं." तिने पाटी पुसली. "तरी नेली."

वाटी आणि चमचा बाईंच्या पिशवीत सापडले होते. पंचनाम्यात 'डबा खाण्याचे साहित्य' म्हणून त्यांची नोंद झाली होती. नकाशेवालीने ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. आता तिला तिचेच ते दिवस आठवले. बाळ छातीला ओढत नसेल, तर दूध काढून वाटीत घ्यायचं आणि थेंब थेंब चमच्याने पाजायचं. हे बाईंनीच तिला शिकवलं होतं.

म्हणजे त्या संध्याकाळी नर्सबाई घरी निघाल्या नव्हत्या. त्या कुठल्यातरी तान्ह्या बाळाकडे निघाल्या होत्या.

आणि तळ्याच्या वस्तीत या वर्षी एकही बाळ जन्मलं नव्हतं.

३

या जिल्ह्यात गाड्यांपेक्षा शेतंच जास्त. डोंगराच्या दोन्ही अंगांना वस्त्या विखुरलेल्या. रस्ते जुन्या बांधांवरून काढलेले, त्यामुळे ते कुठेच सरळ जात नाहीत. सरळ जातो तो फक्त रूळ. त्यावरून दोन डब्यांची एक गाडी सकाळी माणसांना शहरात नेते, दुपारी शाळेची मुलं परत आणते आणि संध्याकाळी बाकीच्यांना घरी सोडते. मधले थांबे नावालाच. उतरायचं असेल त्याने दोरी ओढायची, घंटी वाजते, ड्रायव्हर गाडी थांबवतो. दोरी ओढली नाही, तर गाडी शिट्टी देऊन पुढे. खाणीचा थांबा तर खाण बंद झाल्यापासून मेल्यातच जमा होता.

संध्याकाळच्या गाडीत गार्ड एक तक्ता भरतो, कुठल्या थांब्यावर किती उतरले याचा. महिन्याच्या शेवटी ते सगळे तक्ते नकाशेवालीच्या टेबलावर येतात. रोज दोनपेक्षा कमी माणसं उतरली, तर थांबा बंद. मोजणी फक्त संध्याकाळच्या गाडीची. असा नियम का केला, हे करणाऱ्यालाही आठवत नसेल.

त्या दिवशीचा तक्ता तिने उजेडात धरला. खाण, शून्य. तळं, दोन. हाच कागद साहेबांनी दहा वेळा वाचला होता. तिने या वेळी आकडे वाचले नाहीत, अक्षर बघितलं.

सगळ्या आकड्यांच्या खाली एक शेरा होता. 'दुसऱ्या डब्यातला दिवा बंद.' या ओळीतलं अक्षर वेडंवाकडं, मध्येच उडालेलं, एका ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलेलं. ती गाडी कशी हादरते ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः रोज त्याच गाडीने यायची, आणि तिच्या मांडीवरचं बाळ त्या हादऱ्यांनीच झोपी जायचं.

पण वरचे आकडे? शाळेतल्या मास्तरांनी फळ्यावर काढावेत तसे. गोल, ठाम, एका रेषेत.

तिने मागचा महिना काढला. त्याच्या मागचा. शेरे सगळे थरथरते, आकडे सगळे स्थिर. आणि तळ्यासमोर रोज दोन. दोन. दोन. रविवारीसुद्धा दोन, ज्या दिवशी नर्सबाईंना सुट्टी असायची.

हे तिने पूर्वीही पाहिलं होतं. तिने तो विचार बाजूला सारला.

आकडे चालत्या गाडीत लिहिलेलेच नव्हते. गाडी सुटायच्या आधी, शहरातल्या फलाटावर, शेजारी चहाचा पेला ठेवून लिहिलेले होते. त्या संध्याकाळी तळ्याला दोन उतरले, हे गार्डने कोणी उतरायच्या एक तास आधी लिहून ठेवलं होतं.

४

"एवढ्या लांब पायी आलीस? बाळ कुठेय?" फाटकवालीने पहिला प्रश्न तोच केला.

"सासूबाईंकडे."

"रडत असेल."

"असेल."

"मग पटकन विचार काय ते आणि जा बाई."

फाटकवालीची खोली खिंडीच्या तोंडाशी. खाणीचा थांबा एका बाजूला, तळ्याचा दुसऱ्या. एक खाट, एक चूल, एक घड्याळ आणि एक वही. फाटक लावलं की वेळ लिहायची. वीस वर्षं ती हेच करत होती.

"पोलिसांनी वही बघितली?"

"त्यांनी विचारलं, रुळांवरून कोणी चालत गेलं का. म्हटलं, नाही. झालं. वहीचं कोण विचारतंय? आमच्या वहीला कुत्रं विचारत नाही."

नकाशेवालीने ते पान काढलं. संध्याकाळची गाडी रोज सहा चोवीसला फाटकावरून जायची. त्या दिवशी सहा सव्वीस.

"दोन मिनिटं उशीर."

"मग? गाडीच ती. घोडा आहे का?"

"काकू, खाणीच्या अलीकडच्या स्टेशनात ती वेळेवर होती. सहा बारा. मी स्टेशनमास्तरांची नोंद बघून आलेय. त्या स्टेशनापासून तुमच्या फाटकापर्यंत मध्ये काय आहे?"

फाटकवालीने तिच्याकडे बघितलं. "काही नाही. खाणीचा थांबा आहे, पण तिथे कोण थांबतंय?"

"थांबली तर किती वेळ जातो?"

"थांबायचं, उतरायचं, परत वेग घ्यायचा..." फाटकवालीचे ओठ हलत राहिले. "दोन मिनिटं."

"आणि शेवटच्या स्टेशनात गाडी परत वेळेवर पोचली. सहा पंचेचाळीस. ही दोन मिनिटं तिने भरून कशी काढली?"

"ही थेरडी? ही काय भरून काढणार! तुझ्यामाझ्यासारखीच धापा टाकते चढाला."

"म्हणजे रोजच्या एका ठिकाणी ती थांबलीच नसेल."

ड्रायव्हरने जबाबात सांगितलं होतं की घंटी एकदाच वाजली, गाडी एकदाच थांबवली, रोजच्यासारखी. कुठे, ते त्याने सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

गाडी खाणीला थांबली होती. तळ्याला थांबलीच नव्हती. तिथे दोघं उतरले नव्हते. एकही माणूस उतरला नव्हता.

फाटकवालीने पदराने घड्याळाची काच पुसली, उगाचच. "अगं," ती हळूच म्हणाली, "पण मग आपण सगळे दहा दिवस तळ्यात गळ टाकून काय करत होतो?"

५

खाणीच्या पलीकडे कामगारांच्या जुन्या खोल्यांची एक ओळ होती. सगळ्या ओसाड. एकीच्या खिडकीला मात्र पडदा होता आणि दारात लंगोट वाळत होते.

दार उघडणारी मुलगी वीस-एकवीसची असेल. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. हातात बाळ.

"या ना ताई. घरात पसारा आहे."

"माझ्याही घरात असाच असतो. किती दिवसांचं?"

"महिन्याचं होईल आता."

"दूध ओढतंय?"

मुलीचा चेहरा एकदम लहान झाला. "आता ओढतंय. आधी नव्हतं ओढत. मी एकटी होते, हे कामावर लांब असतात. गाडीत एकदा नर्सबाई भेटल्या होत्या, त्यांना म्हटलं, बाळ रडतं नुसतं, तोंडच लावत नाही. त्या म्हणाल्या, बघते मी, येते. कधी ते नाही बोलल्या. मग दोन दिवसांनी कळलं, त्या तळ्याला हरवल्या. मी किती रडले ताई! मनात म्हटलं, तिकडे तळ्याला असं झालं नसतं तर माझ्याकडे आल्या असत्या."

नकाशेवालीने खिडकीतून खाणीकडे पाहिलं.

थांब्यापासून या खोल्यांपर्यंतची पायवाट खाणीच्या काठाकाठाने येत होती. येताना तिने पाहिलं होतं. एका वळणावर काठ ढासळला होता, ताजा, आणि खाली माती ओघळलेली. दिवसा ते सहज दिसत होतं. थंडीच्या दिवसांत साडेसहाला दिसलं नसतं.

"तू या खिडकीतून काही पाहिलंस? काही ऐकलंस, त्या दिवसांत?"

मुलगी बराच वेळ बाळाची टोपी सारखी करत राहिली.

"आवाज यायचा," ती शेवटी म्हणाली. "खाणीतून. कोल्हं असतं ना, तसा. एका रात्री आला, दुसऱ्या दिवशीही आला. मी घाबरले. आणि बाळ एवढं रडायचं, एवढं रडायचं, की कशाचा आवाज कुठला कळेचना. म्हणून मी..."

"म्हणून काय?"

"खिडकी लावून घेतली. बाळाला थंडी बाधेल म्हणून."

नकाशेवालीने तिला काही सांगितलं नाही. बाळाला दोन मिनिटं मांडीवर घेतलं, त्याच्या मानेखाली हात कसा धरायचा ते दाखवलं, आणि बाहेर पडली.

आता उरला होता एकच माणूस. त्याला हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत असणार होतं.

६

गार्डमामा शहरातल्या फलाटावर बाकावर बसले होते. गाडी सुटायला अवकाश होता. गुडघ्यावर तक्ता, शेजारी चहाचा पेला, कानामागे पेन. ती शाळेत जायची तेव्हापासून हे चित्र असंच होतं. गर्दीत तिला दप्तरासकट उचलून डब्यात ठेवणारे हात तेच.

ती शेजारी बसली. तक्त्यावर आकडे लिहून झाले होते. शाई अजून ओली होती.

"मामा, त्या दिवशी खाणीला घंटी वाजली होती ना?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

"वाजली होती."

"आणि तळ्याला नाही."

"नाही."

"तुम्ही पाहिलंत कोण उतरलं ते?"

"दुसऱ्या डब्यातला दिवा गेला होता गं. कंदील बाहेर काढला, तर एक पाठ दिसली. चालत होती. मला वाटलं, खाणीच्या जुन्या खोल्यांत कुणाकडे पाहुणं आलं असेल. तळ्याला घंटी नाही वाजली, तेव्हा वाटलं, बाई आज आल्याच नाहीत. शपथ सांगतो, त्या क्षणी दोन्हींचा मेळ नाही घातला."

"आणि रात्री साहेबांनी विचारलं तेव्हा?"

"मी कुठे सांगितलं! तक्ता त्यांच्याच हातात. त्यांनीच मोठ्याने वाचलं, तळं, दोन. म्हणजे उतरल्या ना, म्हणाले. मी नुसती मान हलवली. नाही म्हटलं असतं, तर तक्ता खोटा ठरला असता. एक खोटा, म्हणजे सगळे खोटे."

"दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं, मामा."

"सांगणार होतो. सकाळी गेलो, तर अख्खा गाव तळ्यात. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या. मग तिसरा दिवस उजाडला आणि म्हटलं, आता काय, आता त्या असतील तिथे..."

"तिसऱ्या दिवशी त्या जिवंत होत्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

हे तिने का सांगितलं, तिचं तिलाच कळलं नाही. म्हाताऱ्याचा हात लागून शेजारचा पेला तक्त्यावर कलंडला आणि चहा खाली फलाटावर ठिबकू लागला. दोघांपैकी कोणी तो उचलला नाही.

मामा म्हणाले, "माझ्या दोन नाती आहेत तळ्याच्या थांब्यावर. सकाळी अकरा पोरं चढतात तिथे. थांबा गेला तर शाळा गेली. डोंगराला वळसा घालून कोण चालणार?"

"म्हणून दोन?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"पोरी, दोनाचं मला कसं कळणार? मी साधा गार्ड. किती असले की थांबा वाचतो, हे मला तूच सांगितलंस. याच बाकावर. तुझं पोट इतकं पुढे आलं होतं. 'मामा, तळ्याला दोन लागतात हो, दोन दिसले की मी त्या थांब्याला हात लावणार नाही.' आणि हसली होतीस."

गाडीने शिट्टी दिली. ती हसली होती, हे तिला आठवत होतं.

७

"म्हणजे खून नाही," इन्स्पेक्टर साहेब म्हणाले.

"नाही. नर्सबाई खाणीला उतरल्या, बाळंतिणीकडे निघाल्या, काठ ढासळला. फाटकवालीची वही, स्टेशनची नोंद, ड्रायव्हरचा जबाब, वाटी-चमचा. सगळं जुळतं. त्यांच्या नवऱ्याचा काही संबंध नाही."

"मग गुन्हेगार कोण लिहू?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एक माणूस मायेने खोटं लिहितो. एक बाई मायेने काणाडोळा करते. एक पोरगी बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकी लावते. आणि मी? मी कागद वाचला आणि दीडशे माणसं चुकीच्या जागी उभी केली. याला कलम नाही हो बाई. असतं तर बरं झालं असतं."

"माझं नाव लिहा. दोनाचा आकडा माझा आहे."

"लिहितो," ते म्हणाले. "काय उपयोग आहे, ते मला विचारू नका."

दूधगाडीवाल्याला त्यांनी नेलं नाही. बातमी आठवड्याभरात सगळीकडे झाली. गार्डमामांनी गणवेश घडी करून कचेरीत आणून दिला आणि त्यानंतर ते घराबाहेर दिसले नाहीत. तळ्याचा थांबा महिनाअखेरीस बंद करायचा हुकूम निघाला. त्याचा नकाशा काढायचं काम नकाशेवालीकडेच आलं. नोकरी अजून गेली नव्हती. चौकशी चालू होती, आणि तोवर कोणीतरी रेघ पुसायला हवी होती.

मग एका दुपारी दूधगाडीवाला कचेरीत आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"ताई, डॉक्टर म्हणाले तीन दिवस. कदाचित चार."

"हो."

"तिसऱ्या दिवशी मी कुठे होतो? तुमच्या नकाशात असेल."

होतं. रोजची तुकडी रोजच्या रंगात होती. तिने नकाशा उलगडला आणि निळ्यावर बोट ठेवलं. तळ्याच्या मधोमध. त्या दिवशी तो होडीत उभा राहून बांबूने तळ चाचपत होता. त्याने नकाशावर अंगठा ठेवला आणि करंगळी खाणीपर्यंत ताणली. पोचली.

"एवढंसंच," तो म्हणाला.

"डोंगर मध्ये आहे."

"मला एकदा तरी विचारायचं होतं, ताई. तुम्ही, साहेबांनी, कोणीतरी. तिला कुठे बाळ रडतंय कळलं असतं तर ती कुठेही उतरली असती. हे मी झोपेत सांगितलं असतं. पण मला फक्त मी कुठे होतो तेच विचारलं सगळ्यांनी."

ती नकाशाची घडी घालू लागली.

दाराशी जाऊन तो वळला. "चिमणी रोज विचारते. मी काहीतरी सांगतो. आई पडली आणि लगेच झोपी गेली, असं. तिला पटत नाही. मला नाही जमत ते. तुम्ही या एकदा."

ती दुसऱ्याच दिवशी गेली. बाळाला सोबत नेलं नाही, नेणं बरं दिसलं नसतं. चिमणी पायरीवर बसली होती. आत दोरीवरचे कपडे आता काढलेले होते. नकाशेवाली तिच्या शेजारी बसली. दोघी शेतातून जाणाऱ्या रुळांकडे बघत होत्या.

"आई लगेच झोपली?" चिमणीने विचारलं.

उत्तर सोपं होतं. एक हो. एवढासा शब्द, मायेपोटी, एका सहा वर्षांच्या मुलीला रात्री झोप लागावी म्हणून. आत दूधगाडीवाला भांड्यांचा आवाज थांबवून ऐकत उभा होता. त्यालाही तोच शब्द हवा होता.

"नाही," नकाशेवाली म्हणाली. "पाय दुखत होता. तिने पट्टी बांधली, चांगली बांधली. मग ती हाका मारत होती."

"कुणाला?"

"आपल्या सगळ्यांना."

"तुम्ही का नाही गेलात?"

"आम्ही दुसरीकडे शोधत होतो. माझी चूक झाली. मी एक खोटी गोष्ट खरी मानली, कारण ती मला आवडत होती."

चिमणीने तिच्याकडे नीट बघितलं. मग पुन्हा रुळांकडे.

नकाशेवाली तिथेच बसून राहिली. पुढचा प्रश्न कोणता येईल याची तिला कल्पना होती. किती दिवस, हा. तो आला तर त्याचंही खरंच उत्तर द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. उन्हं उतरली, आत दिवा लागला, मुलीने गुडघे जवळ घेतले.

प्रश्न आला नाही.